उद्देशाचा रकाना

ग्राट्समध्ये, मुर नदीच्या पलीकडच्या गल्लीत
आमचं मापाच्या बुटांचं दुकान.
माळ्यावर चारशे बारा कलबुतं,
बीचच्या लाकडाची, जोडीजोडीनं टांगलेली,
टाचेवर शिसपेन्सिलीनं आडनाव.

सल्लागार बाई आल्या, झेमलिचबाई.
(मी आधी पाय पाहिले. डावा अंगठा आत वळलेला.
सवय आहे, नोंद नाही.)
मान वर करून म्हणाल्या, "हीसुद्धा माहितीच."
मी म्हटलं, हे लाकूड आहे.
"त्यावर नाव आहे. आणि पायात आजार दिसतो.
आजार म्हणजे तर दुप्पट जपायची गोष्ट."

मग त्यांनी विचारलं, यातले वारले किती?
कायदा जिवंतांचा.
मेलेले राहिले तरी चालतील, नावासकट, टांगलेले.
जिवंतांपुरतं मात्र उत्तर द्यावं लागेल
कशासाठी ठेवलंय, आणि कुठवर.

तो अख्खा हिवाळा मी रकाने आखले.
कुणाची माहिती. कुठे ठेवता. कुणाला देता.
किती वर्षं. उद्देश.
शिवणयंत्र गार, आणि मी शाईनं बरबटलेली.
दोन जोड उशिरा गेले, एक गिऱ्हाईक तुटलं.
कागद फाडायचं यंत्र आणलं, एकशे एकोणनव्वद युरो,
तेवढ्यात वासराचं एक कातडं आलं असतं.

खरी अडचण बाबांच्या खोक्यांची.
अक्षरवार लावलेली कार्डं, अ पासून झ पर्यंत,
आणि ओटोकार प्रांट्ल नावाच्या माणसाला
नुसतं माप लिहून थांबता येत नसे.
"कुत्रा गेला. विषय काढू नये."
"पैसे डिसेंबरात देतो. आधी मागू नयेत."
"उजव्या पायाला सहा बोटं. मोजताना मोठ्यानं मोजू नये."
हे कुठल्या रकान्यात घालू?
बाबांना विचारता येत नाही. सहा वर्षं झाली.
तेही आता कायद्याबाहेर.

मार्चमध्ये पत्र आलं, टंकलेलं, दोन ओळींचं.
माझ्याविषयी आपल्याकडे जे जे आहे
त्याची प्रत द्यावी. हेडविगा कोगलर.
मुदत एक महिना.

कार्ड सापडलं. माप, चवडा, कमानीची उंची.
खाली, वेगवेगळ्या शाईत:
"घोटा सुजलेला. म्हणते, जिन्यावरून पडले."
"पुन्हा जिना."
आणि एकोणीसशे ब्याण्णवच्या ऑक्टोबरात:
"तिसऱ्यांदा. त्यांचं घर तळमजल्यावर आहे."

मी प्रत काढली आणि तीन आठवडे पाठवली नाही.
झेमलिचबाई फोनवर म्हणाल्या, झाकता येणार नाही.
ज्याचं त्याला दाखवायचं, तसंच्या तसं.

एकतिसाव्या दिवसाची वाट न पाहता
त्याच आल्या. सत्तरीच्या, सपाट बुटांत,
दुकानातलेच नव्हते, मॉलमधले.
काउंटरपाशी उभ्यानं वाचलं.
चश्मा काढला, पुसला, परत वाचलं.
"म्हणजे कळलं होतं त्याला."
मला वाटलं, आता ओरडतील.
कळलं होतं आणि त्यानं काय केलं,
तर नवे बूट शिवले, घोट्याला मऊ अस्तर लावून.
मला तरी दुसरं काही माहीत नाही.
त्याही बराच वेळ अस्तराएवढंच बोलल्या.
उबदार होतं म्हणाल्या. करड्या लोकरीचं.

मी फॉर्म पुढे केला: दुरुस्त करा, किंवा पुसा.
हक्क आहे तुमचा.
"मापं पुसा," त्या म्हणाल्या, "पाय बदलले.
ते शेवटचं राहू दे.
तेवढं एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे."

कलबुतं त्या पिशवीत घालून घेऊन गेल्या.
माळ्यावर दोन खिळे रिकामे.

रात्री मी नोंदवही उघडली.
नाव लिहिलं. ठिकाण: खोकं, दुकानातलं. कुणाला देता: कुणालाही नाही.
मुदत: त्या सांगतील तोवर.
पुढचा रकाना उद्देशाचा.
तिथं काहीतरी भरावंच लागतं,
रिकामा चालत नाही.